वास चांगला, म्हणजे डॉग फूड जंतुमुक्त?

‘कोरडे डॉग फूड कारखान्यात शिजवलेले असते, वास चांगला असला की त्यात जंतू नसतात,’ हा समज जुना आहे आणि स्वाभाविकही. उष्णतेने साल्मोनेला हा पोटाचे आजार घडवणारा जंतू मरतो हे खरेच. मात्र त्यानंतर दाण्यांवर चरबीचा व चवीचा लेप फवारला जातो आणि त्या टप्प्यावर शिरलेला जंतू कोरडेपणात वाढत नसला, तरी कसलाही वास न येता महिनोन्‌महिने तग धरू शकतो. म्हणूनच प्रयोगशाळेत २५ ग्रॅम नमुना पोषक द्रवात ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून आधी जंतू वाढू देतात, मग जंतू वाढवण्याच्या विशिष्ट माध्यमावर मधोमध काळ्या दिसणाऱ्या वसाहती (जंतूंचे ठिपक्यांसारखे पुंजके) शोधतात. पिशवीवरचा बॅच क्रमांक देऊन उत्पादकाकडे या चाचणीचा अहवाल मागावा. त्यात ‘२५ ग्रॅममध्ये आढळला नाही’ अशी नोंद हवी. ठणठणीत दिसणारा कुत्राही विष्ठेतून हा जंतू पसरवू शकतो, त्यामुळे कुत्र्याच्या तब्येतीवरून निष्कर्ष काढू नये.