साइड-बाय-साइड गाड्या का कलंडतात? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

शेजारी-शेजारी आसने, गोल स्टीअरिंग, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी नळ्यांची चौकट. कच्च्या, खडबडीत जमिनीवर चालवायची साइड-बाय-साइड गाडी बघणाऱ्याला छोट्या जीपइतकीच भरवशाची वाटते. ती उलटली की दोष चालकाचा की बांधणीचा, हा वाद मात्र तिच्याही आधीचा आहे.

अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही (मोटारसायकलसारख्या हँडलने, कच्च्या जमिनीवर चालवायच्या गाड्या) उलटून इतकी माणसे, त्यातही मुले, दगावली की सरकारने कंपन्यांना कोर्टात खेचले आणि १९८८ च्या तडजोडीनंतर त्यांची विक्री थांबली. त्याच सुमारास कावासाकीची ‘म्यूल’ ही साइड-बाय-साइड गाडी आली. पण ती सावकाश चालणारी, ओझी वाहणारी गाडी. यामाहाने २००३ मध्ये आणलेल्या ‘राइनो’ने या प्रकाराला वेग आणि हौस दिली. मग अपघातही वाढले.

मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने राइनोशी संबंधित ४६ मृत्यूंची नोंद जाहीर केली. दोन तृतीयांशांहून अधिक अपघातांत गाडी उलटलेली दिसत होती, आणि त्यांतल्या अनेक गाड्या सपाट जमिनीवर, फारशा वेगात नसताना, वळण घेताना उलटल्या होत्या. यामाहाने विक्री थांबवून मोफत दुरुस्ती देऊ केली: मागच्या चाकांना स्पेसर (जाड चकत्या) लावून त्यांच्यातले अंतर वाढवायचे आणि मागचा अँटी-स्वे बार (दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन जोडणारा दांडा) काढायचा. माझ्या मते वादाचे उत्तर या दुरुस्तीतच आहे. चालक तेच राहणार होते. बदलायची होती ती गाडी.

कारण साधे आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. गुरुत्वमध्य उंच आणि चाकांतले अंतर कमी असेल, तर आतली चाके लवकर उचलली जातात. त्यात ओव्हरस्टीअर असेल, म्हणजे स्टीअरिंग तेवढेच धरूनही वळण आपोआप आवळत गेले, तर सावरायला क्षणही मिळत नाही.

चौकटीची कल्पना ट्रॅक्टरवरून आली; नव्या ट्रॅक्टरांवर ती स्वीडनने १९५९ मध्येच सक्तीची केली होती. पण माणूस आत राहिला तरच ती वाचवते. गाडी कलंडू लागली की हात-पाय आपसूक बाहेर टेकवले जातात आणि त्याच चौकटीखाली चिरडतात. बेल्ट नसेल तर अख्खा माणूस बाहेर फेकला जातो. दारे, जाळ्या आणि खांद्याजवळचे अडथळे म्हणूनच महत्त्वाचे.

आयोगाने २०१४ मध्ये सक्तीचे नियम प्रस्तावित केले. त्यासाठी तपासलेल्या ४२८ घटनांत ३३५ मृत्यू होते आणि ६८ टक्के घटनांत गाडी आडवी कलंडली होती. प्रस्तावात तीन गोष्टी होत्या: कलंडण्याला किमान प्रतिकार, वळणावर अंडरस्टीअर (ओव्हरस्टीअरच्या उलट, म्हणजे वळण आवळण्याऐवजी सैल होत जाणे), आणि पुढच्या आसनांचे बेल्ट लावलेले नसतील तर ताशी सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा. उत्पादकांनी विरोध केला. त्यांचा भर स्वतःच्या ऐच्छिक मानकांवर होता. ती २०१६ मध्ये सुधारली गेली, पण त्याआधी विकलेल्या गाड्यांना लागू झाली नाहीत. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने तिचे मॉडेल वर्ष आणि त्या मॉडेलसाठी जाहीर झालेली दुरुस्ती तिच्यावर खरेच झाली आहे का, हे आधी तपासावे.