कुंकळ्ळीचा उठाव (1583)

कुंकळ्ळीचा उठाव : गोव्यातील सासष्टी महालाच्या दक्षिण टोकाला असलेल्या कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी व आंबेली या पाच गावांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेला केलेला प्रतिकार. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट (‘येशू संघ’ या कॅथलिक संघाचे) धर्मप्रसारक व त्यांचे सोबती मारले गेले, ही त्यातील सर्वांत परिचित घटना. उठाव मात्र त्या एका दिवसापुरता नव्हता. सारा नाकारणे, पाडलेली देवळे पुन्हा उभी करणे आणि पुढे शेते पडीक टाकणे हेही त्यात येते. जुन्या युरोपीय लेखनात या प्रकरणाचा उल्लेख ‘कुंकळ्ळीचे हुतात्मे’ या शीर्षकाखाली येतो व त्यात हुतात्मे म्हणजे पाद्री. गोमंतकीय लेखनात गेल्या काही दशकांत ‘उठाव’ हा शब्द रूढ झाला असून येथेही तोच स्वीकारला आहे.

तिथीचा प्रश्न : घटनेची तारीख काही ग्रंथांत 15 जुलै, तर काहींत 25 जुलै 1583 अशी आढळते. त्यावरून दोन वेगळ्या परंपरा असल्याचा समज होतो, पण तो टिकण्यासारखा नाही. पोर्तुगालने ऑक्टोबर 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांची सुधारित कालगणना स्वीकारली आणि 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर मानला. लिस्बनहून वसंत ऋतूत निघालेली गलबते साधारण सप्टेंबरात गोव्याला लागत. तेव्हा 1583 च्या पावसाळ्यात गोव्यातील व्यवहार जुन्याच गणनेने चालू असावेत, असे मानणे सयुक्तिक ठरते. जुन्या गणनेचा 15 जुलै म्हणजे नव्या गणनेचा 25 जुलै, आणि त्या दिवशी सोमवार येतो. वृत्तांतांतही सोमवारच दिला आहे. नव्या गणनेने 15 जुलै धरल्यास मात्र वार शुक्रवार येतो. यामुळे 15 (नवी गणना : 25) जुलै 1583, सोमवार, ही तारीख ग्राह्य धरावी. एकाच लेखात दोन्ही तारखा दोन घटनांसारख्या देण्याची चूक अजूनही होते, म्हणून हा खुलासा.

पार्श्वभूमी : आफोंसो द आल्बुकेर्क याने 1510 मध्ये तिसवाडी जिंकली. सासष्टी व बारदेश हे महाल इब्राहिम आदिलशहाकडून 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे आले. धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कन पंथीयांकडे, तर सासष्टी जेझुइटांकडे सोपवण्यात आली. सासष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडल्याचे सांगतात. सह्याद्रिखंडातील वसाहतकथेत सासष्टीला सहासष्ट व तिसवाडीला तीस कुळे दिली आहेत. या कथेचे ऐतिहासिक मूल्य मर्यादित असले, तरी गाव म्हणजे मूळ कुळांचा समुदाय ही कल्पना किती खोल रुजलेली होती, हे तिच्यावरून कळते.

उठावाचे स्वरूप समजण्यासाठी गांवकारी ही संस्था ध्यानात घ्यावी लागते. गावची जमीन एकट्या कुणाच्या मालकीची नसे. ती गांवकरांच्या समुदायाची असे. गांवकर म्हणजे गाव वसवणाऱ्या कुळांचे पुरुष वंशज. ही कुळे ‘वांगड’ म्हणून ओळखली जातात आणि कुंकळ्ळीत त्यांची संख्या बारा मानली जाते. शेते ठरावीक मुदतीने पावणीला (लिलावाने कसायला) लावली जात. आलेल्या उत्पन्नातून सरकारी सारा, खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींच्या) बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च आणि गावच्या सेवेकऱ्यांचे वेतन भागवून उरलेली रक्कम गांवकरांत वाटली जाई. ग्रामदैवताच्या नावेही जमिनी असत. देवली व भावीण (देवळातील सेवेकरी), वाजंत्री, कुंभार, न्हावी यांच्या वाट्याची शेते देवळाच्या सेवेशी बांधलेली असत. म्हणून देऊळ पाडले की फक्त उपासनेची जागा जात नसे. जमिनीच्या वाटपाचा, सेवेच्या हक्काचा आणि गांवकरांच्या सभेचा आधारही हादरत असे. पोर्तुगीजांना हे माहीत होते. आफोंसो मेशिया याने 1526 मध्ये तयार केलेल्या फोरालात (सनदेत) तिसवाडीच्या गांवकारीचे हक्क व रिवाज नोंदवून मान्य केलेले आहेत. त्याच तिसवाडीत 1541 मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवण्यात आले. सासष्टीतही पुढे हाच मार्ग चोखाळला गेला.

सासष्टीतील देवळांचा सर्वांत मोठा विध्वंस 1567 च्या सुमारास झाला. सासष्टीतील राचोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने केलेल्या या मोहिमेत सुमारे 280 देवळे नष्ट झाल्याचा आकडा जेझुइट लेखनातून पुढे आला असून तो अंदाजे मानावा. या दशकांतच कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदोड्याला गेला. रात्री मूर्ती उचलून, नदी ओलांडून नेल्याच्या आठवणी महाजन कुळांत अजून सांगितल्या जातात. ज्यांनी मूर्ती हलवल्या त्यांच्या कथा गोव्याबाहेरच्या मराठी वाचकालाही ठाऊक असतात. ज्यांनी जागेवर राहून झुंज दिली, त्या कुंकळ्ळीकरांकडे मराठी लेखनाने त्या मानाने कमी लक्ष दिले.

संघर्षाची कारणे : ही पाच गावे साळ नदीच्या खालच्या खोऱ्यात, आदिलशाही मुलखाला लागून होती. मडगावहून कारवारकडे जाणारी वाट कुंकळ्ळीवरून जाई व असोळणा हा नदीवरचा उतार होता. गावात व्यापार होता, कारागिरी होती आणि सीमा हाकेच्या अंतरावर होती. पोर्तुगीज अंमल येथे कागदावर जितका होता तितका प्रत्यक्षात नव्हता. गावांनी सारा भरण्यास नकार दिला, पाडलेली देवळे पुन्हा बांधली आणि धर्मप्रसारकांना थारा दिला नाही, असे जेझुइट वृत्तांतच सांगतात. यावर गिल यानिश माश्कारेन्याश याच्या नेतृत्वाखाली शिक्षेच्या मोहिमा धाडण्यात आल्या. पिएत्रो बेर्नो हा पाद्री या मोहिमांत सोबत होता. देवळे जाळली गेली आणि गावकऱ्यांना अत्यंत पूज्य असलेले एक वारूळही उद्ध्वस्त करण्यात आले. तेथे गाय मारून जागा बाटवल्याचा उल्लेखही काही लेखकांनी केला आहे. गोव्यात वारूळ, म्हणजे कोकणीतील रोयण, हे सातेरी या भूदेवीचे रूप. भूमी, ग्रामदैवत आणि कुळ या तिन्हींचे ते एकत्र चिन्ह असते. या एका कृत्याने गाव किती दुखावले असेल, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. युरोपीय लेखकांनी मात्र त्याचा उल्लेख एका ओळीत, विजयाची बाब म्हणून केला आहे.

1583 ची घटना : त्या वर्षी रोदोल्फो आक्वाव्हिवा याची सासष्टीच्या मिशनवर प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तो जेझुइट संघाचा प्रमुख क्लाउदियो आक्वाव्हिवा याचा पुतण्या. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी सुमारे तीन वर्षे राहून तो नुकताच गोव्यास परतला होता. ओर्ली येथील चर्चमध्ये सासष्टीतील पाद्री जमले व कुंकळ्ळीत क्रूस उभारून चर्चसाठी जागा निवडावी असे ठरले. आक्वाव्हिवासोबत आफोंसो पाशेको, पिएत्रो बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को हे पाद्री, फ्रान्सिस्को आरान्या हा धर्मबंधू, गोंसालो रॉद्रिगिश हा पोर्तुगीज गृहस्थ आणि काही स्थानिक ख्रिस्ती होते. गावची सभा भरली आणि थोड्याच वेळात शस्त्रे घेतलेला जमाव त्यांच्यावर चालून आला. रॉद्रिगिशने बंदूक सरसावली असता पाशेकोने त्याला रोखले, असे जेझुइट वृत्तांतात म्हटले आहे. पाचही धर्मप्रसारक, रॉद्रिगिश व चौदा स्थानिक ख्रिस्ती मारले गेले. प्रेते विहिरीत टाकण्यात आली. ती नंतर बाहेर काढून राचोलला पुरण्यात आली.

मृतांत दोमिंगुश नावाचा कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता. राचोलला शिकणाऱ्या या मुलाने आधीच्या मोहिमांत पाद्रींना गावातील देवळे दाखवली होती आणि त्याच्या सख्ख्या चुलत्यानेच त्याला मारले, अशी नोंद आहे. ही नोंद खरी असेल, तर उठावाची दुभंगरेषा घराघरांतून गेली होती असे म्हणावे लागते. पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 1741 मध्ये पाच जेझुइटांचे हौतात्म्य मान्य केले व 1893 मध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्याच विहिरीत पडलेल्या चौदा गोमंतकीय ख्रिस्त्यांना तो मान मिळाला नाही.

सूड व जप्ती : हत्येनंतर राचोलचा कप्तान गोमिश द फिगेरेदु याने गावांवर सूड उगवला. बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळीच्या 16 प्रमुख गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले व निःशस्त्र असताना त्यांना ठार करण्यात आले. त्यांतला एक जण मात्र नदीत उडी घेऊन निसटला व पोहत कारवारकडे गेला, असे परंपरा सांगते. अभय देऊन बोलावलेल्या माणसांना चौकशीवाचून मारणे हे त्या काळच्या युद्धनीतीलाही धरून नव्हते, आणि या कृत्याला शिक्षा म्हणणे योग्य होणार नाही.

त्यानंतरची कारवाई जमिनीवर झाली. पाचही गावांच्या गांवकरांचे हक्क काढून घेण्यात आले. असोळणा, वेळ्ळी व आंबेली ही गावे जेझुइटांना मिळाली. कुंकळ्ळी व वेरोडा जुआंव द सिल्व्हा याला देण्यात आली. ती पुढे वारसाने सरकत फ्रोन्तैरा मार्क्विसांच्या घराण्यापर्यंत पोहोचली. दरम्यान लिस्बनच्या दरबारात ‘कुंकळ्ळीचा काउंट’ असा किताबही निर्माण झाला. गांवकरांनी शेती करण्यास व खंड देण्यास दीर्घकाळ नकार दिला. जेझुइटांना 1759 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्क्विस द पोंबाल याच्या धोरणानुसार गोव्यातून घालवण्यात आले, तेव्हा असोळण्यासह तीन गावे सरकारजमा झाली. ती मूळ गांवकरांना परत मिळाली नाहीत.

अन्वयार्थ : उपलब्ध साधने जवळपास सर्व जेझुइटांची आहेत : त्या वर्षी रोमला गेलेली पत्रे आणि त्यांच्या आधारे रचलेले वृत्तांत, त्यांत 1710 मध्ये लिस्बनला छापलेली फ्रान्सिस्कु द सोझा यांची बखर विशेष. मारले गेलेले गांवकर त्यांत बोलत नाहीत. जुन्या अभ्यासकांनी या उठावाकडे धर्मद्वेषातून झालेला हिंसाचार म्हणून पाहिले. नंतरच्या काहींनी सारा, जकात व बाजार यांवरील ताब्याला महत्त्व देत धर्माचे कारण दुय्यम मानले. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी गांवकारीची वर दिलेली रचना पाहता देव आणि जमीन यांची अशी फारकत करणे कठीण आहे. वारूळ फोडणाऱ्याने आणि शेत हिरावणाऱ्याने एकाच गोष्टीवर घाव घातला होता, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

युरोपीय वसाहतवादाविरुद्ध आशियातील हा पहिला उठाव होय, असे विधान अलीकडे वारंवार केले जाते. ते जपून वापरावे. कालिकतच्या सामुरींच्या आरमाराचे कुंजाली मरक्कार त्याआधीच पोर्तुगीजांशी समुद्रावर लढत होते. मात्र त्यांच्या पाठीशी राजसत्ता होती. कुंकळ्ळीला राजा नव्हता, सेनापती नव्हता, तिजोरी नव्हती. पोर्तुगीज अंमलाखालील गावांनी आपल्या सभेतून घेतलेला निर्णय म्हणून या उठावाचे स्थान वेगळे आहे. पुढील काळातील 1787 चे पिंटोंचे कारस्थान (गोमंतकीय पाद्रींचा पोर्तुगीजविरोधी कट) किंवा सत्तरीच्या राण्यांची बंडे यांच्याशी त्याचा थेट सांधा जोडता येत नाही. त्यांची कारणे व सामाजिक आधार निराळे होते. असोळण्याचे नाव मात्र पुन्हा एकदा पुढे येते. जून 1946 मध्ये राममनोहर लोहिया जुलियांव मिनेझिश यांच्या असोळण्याच्या घरी उतरले होते आणि तेथूनच 18 जूनची मडगावची सभा ठरली.

स्मृती : कुंकळ्ळीची ग्रामदेवता शांतादुर्गा त्या धामधुमीत तेव्हाच्या आदिलशाही हद्दीतील फातर्प्याला नेण्यात आली. तेथे ती शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण म्हणूनच ओळखली जाते. गावात, जेथे पाद्री मारले गेले तेथे, चॅपेल आहे. गांवकरांचे स्मारक त्याच्या जवळच उभे आहे, पण ते अगदी अलीकडचे. शिमग्याच्या दिवसांत देवीची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळीत येते. पालखीपुढे बारा वांगडांच्या बारा सत्र्या, म्हणजे छत्र्या, नाचवल्या जातात. गुलालाने न्हालेल्या त्या मिरवणुकीत ख्रिस्ती झालेल्या कुळांचा मानही राखलेला आहे.