पावणेदोन इंचांतला ट्रान्सफॉर्मर

घरी ऑडिओ सर्किट बांधणाऱ्यांत एक समज पक्का मुरलेला आहे: ट्रान्सफॉर्मर जितका दांडगा, तितका आवाज दमदार. पॉवर अँप्लिफायरपुरतं त्यात तथ्य आहे. पण माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) रॅकच्या ‘वन यू’ पेटीत बसवायचा असेल तर हाच समज नडतो. रॅकचा एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच उंची, ४४.४५ मिमी. पत्र्याची जाडी वजा केली की आत जेमतेम ४० मिमी उरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर जरा मोठा घेतला, की झाकण लागत नाही.

आधी गरज मोजू. ऑप-अँप चिपच्या प्रीअँपला अधिक-उणे १५ व्होल्ट लागतात. दर बाजूला २०० मिलिअँपिअर म्हणजे पुष्कळ झाले. १५-०-१५ ची सेकंडरी (मधल्या तारेपासून दोन्हीकडे १५ व्होल्ट देणारी बाहेरच्या बाजूची गुंडाळी) घेतली तर रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसीचं डीसी झाल्यावर, साधारण २०.५ व्होल्ट मिळतात. घरची २३० व्होल्टची लाइन २०७ पर्यंत उतरली तर १८.४. त्यातून ३३०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरचा ०.६ व्होल्टचा रिपल (चढउतार) वजा करा, तरी स्थिर १५ व्होल्ट देणाऱ्या ७८१५ रेग्युलेटरला लागणारे १७.५ शिल्लक राहतात. कपॅसिटर फक्त लाटेच्या शिखरावर भरतो, त्यामुळे सेकंडरीवर करंटचा भार सुमारे १.८ पट पडतो: ३६० मिलिअँपिअर गुणिले ३० व्होल्ट, साधारण ११ व्हीए (व्होल्ट-अँपिअर). १५ व्हीएचा टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, पुरे. तो साधारण ६० मिमी व्यासाचा, ३५ मिमीच्या आत उंचीचा असतो आणि पेटीत आडवा बसतो. (कडं काही नवं नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ज्यावर प्रयोग केला, तेही तारा गुंडाळलेलं लोखंडी कडंच होतं.)

आता माझ्या आवडीचा भाग. लोड वाढला की कोअर (लोखंडी गाभा) ‘भरतो’, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सेकंडरीतून करंट वाहू लागला की तो आपलं चुंबकत्व उभं करतो आणि प्रायमरी (लाइनला जोडलेली गुंडाळी) तेवढाच जास्तीचा करंट ओढून ते पुसून टाकते. कोअरमधला फ्लक्स (चुंबकी प्रवाह) आहे तेवढाच राहतो. तारेच्या रोधामुळे झालाच तर किंचित कमी होतो. फ्लक्स ठरतो प्रायमरीवर किती व्होल्ट किती वेळ आहेत त्यावर. ५० हर्ट्झला अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं. २३० व्होल्टची त्या वेळातली सरासरी २०७ व्होल्ट, म्हणजे गुणाकार २.०७ व्होल्ट-सेकंद. एवढ्यात फ्लक्स एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, म्हणून शिखराच्या वाट्याला निम्मे, १.०३५. त्याला वेढ्यांच्या संख्येने आणि कोअरच्या क्षेत्रफळाने भागलं की फ्लक्सची घनता मिळते. कोअर ३ चौरस सेंटिमीटरचा आणि घनता १.५ टेस्ला हवी असेल, तर वेढे लागतात २३००.

कोअरचं सिलिकॉन स्टील २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावत नाही. त्या जवळ गेलं की प्रायमरी दर शिखराला करंटचे सुळके ओढते आणि लोखंडात न मावलेला फ्लक्स हवेत पसरतो. ट्रान्सफॉर्मर लहान आणि स्वस्त करायचा सोपा मार्ग म्हणजे लोखंड आणि वेढे कमी करून १.६-१.७ टेस्लावर चालवणं. रात्री लाइन २५० वर गेली की १.६ चे १.७४ होतात. फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला अमेरिकी ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज जुळवूनही, आपल्या ५० हर्ट्झला लावला तर घनता थेट २० टक्के वाढते, १.६ ची १.९२. हवेत पसरलेला फ्लक्स प्रीअँपच्या तारांत व्होल्टेज उभं करतो. प्रीअँपचं गेन ६० डेसिबल, म्हणजे हजारपट, असलं की असा आत शिरलेल्या एका मायक्रोव्होल्टचा बाहेर एक मिलिव्होल्ट होतो आणि हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू येते.

म्हणून व्हीए वाढवत बसण्यापेक्षा गुंडाळून देणाऱ्याला सांगा: प्रायमरीचे वेढे २७५ व्होल्टच्या हिशेबाने घाल, सेकंडरी मात्र २३० ला १५-०-१५ मिळेल अशी ठेव. १.५ टेस्लाचा कोअर १.२५ वर येतो. तांबं जास्त लागतं, कडं थोडं फुगतं, ते चालेल. याउलट हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ पॉवर केबलने या फ्लक्सला काडीचा फरक पडत नाही. भिंतीतली तार तर साधीच असते.

जागा ठरवताना माइकचं इनपुट एका टोकाला आणि कडं दुसऱ्या टोकाला ठेवा. गळणारं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं: अंतर दुप्पट, क्षेत्र एक अष्टमांश. टोरॉइडमधूनही तारा बाहेर निघतात तिथे गळती जास्त असते. त्यामुळे आधी बोल्ट सैल ठेवून, मेन्स काढून कडं थोडं फिरवा, मग चालू करून ऐका. सर्वांत शांत कोनात घट्ट करा. पेटीला अर्थिंग हवंच, आणि सुरुवातीच्या करंटच्या धक्क्यासाठी फ्यूज स्लो-ब्लो हवा.

वन यूमधला खरा सापळा बोल्टचा आहे. तो कड्याच्या मधून जातो आणि तळाला जोडलेला असतो. लांब पडून वरच्या झाकणाला टेकला, तर बोल्ट, झाकण, बाजूचा पत्रा आणि तळ मिळून एका वेढ्याची शॉर्ट झालेली सेकंडरी तयार होते. तिच्यातून प्रचंड करंट वाहतो, फ्यूज उडतो आणि दोष मात्र वाइंडिंगवर येतो. बोल्टच्या टोकापासून झाकणापर्यंत ३-४ मिमी मोकळे नसतील तर बोल्ट कापून घ्या.