पार्श्वभूमी: न विचारता बदलत गेलेल्या सेटिंग्ज

ओळखीच्यांच्या पोस्ट सोडून भलतंच काहीतरी फीडमध्ये येतं. बंद केलेली नोटिफिकेशन्स पुन्हा सुरू होतात. प्रायव्हसीची सेटिंग गेल्या वेळी होती तिथे सापडत नाही. या रोजच्या कटकटी झाल्या. आपली माहिती कुठे जाते ही धास्ती वेगळी, असं आपण धरून चालतो. मागे जाऊन पाहिलं तर दोन्हींमागे एकच रीत दिसते. वापरणाऱ्याला न विचारता बदल करायचा, ओरड झाली की माफी मागायची, थोडं मागे यायचं आणि उरलेलं तसंच चालू ठेवायचं.

याची पहिली मोठी घटना ५ सप्टेंबर २००६ची. तोवर फेसबुकवर कुणाचं काय चाललंय हे पाहायचं तर त्याच्या प्रोफाइलवर जावं लागे. त्या दिवशी न्यूज फीड सुरू झालं आणि कुणाचं नातं तुटलं, कुणी कोणता फोटो टाकला, हे मित्रयादीतल्या सगळ्यांसमोर आपोआप येऊ लागलं. कंपनी म्हणाली, नवीन काहीच उघड केलेलं नाही, मित्रांना आधी दिसत होतं तेच आता दिसतंय. ते खरंही होतं. पण शोधलं तर सापडणं वेगळं आणि न शोधता सगळ्यांपुढे मांडलं जाणं वेगळं. वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळलं आणि विरोधाच्या ग्रुपमध्ये काही दिवसांत लाखो जण जमले. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी आधी शांत राहायला सांगितलं, मग तीन दिवसांनी चूक कबूल करून काही नियंत्रणं दिली. फीड राहिलंच. आज अंगठ्याने सरकवत बसतो ते त्याचंच वाढलेलं रूप.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००७मध्ये, ‘बीकन’ आलं. दुसऱ्या वेबसाइटवर केलेल्या खरेदीची बातमी फेसबुकवरच्या मित्रांना जायची. आधी एक छोटी सूचना दिसे, पण तिच्याकडे लक्ष गेलं नाही तर तीच संमती धरली जाई. एकाने बायकोसाठी गुपचूप अंगठी घेतली आणि ती खरेदी त्याच्या सगळ्या मित्रांना दिसली, बायकोलाही. प्रकरण कोर्टात गेलं, माफी मागून झाली आणि २००९मध्ये बीकन बंद पडलं. गप्प बसणं म्हणजे होकार, ही कल्पना मात्र टिकली.

माझ्या मते खरं वळण डिसेंबर २००९चं. फेसबुकने प्रायव्हसीची नवी रचना आणली आणि प्रत्येकाला एका स्क्रीनवरून जायला लावलं. तिथे बऱ्याच ठिकाणी ‘सर्वांसाठी’ हा पर्याय आधीच निवडलेला होता. घाईत ‘पुढे’ दाबणाऱ्याची माहिती जगाला खुली होत होती. मित्रयादीसारख्या काही गोष्टी तर आधी लपवलेल्या असूनही सार्वजनिक झाल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, यावर बोट ठेवलं आणि २०११च्या तडजोडीत पुढची २० वर्षं प्रायव्हसीचं स्वतंत्र ऑडिट करून घ्यायचं बंधन घातलं. सेटिंग्जच्या पानात आज जी भूलभुलैया वाटते तिची वाढ अशीच झाली: प्रत्येक वादानंतर एक नवं बटण, आणि ते बहुधा आधीच कंपनीच्या सोयीच्या बाजूला लावलेलं.

२०१०पासून लाइकचं बटण इतर वेबसाइटवरही बसलं. ते न दाबताही ब्राउझर ते फेसबुकच्या सर्व्हरवरून आणत असे, सोबत आपली कुकी, म्हणजे ब्राउझरमधली ओळखीची छोटी फाइल, जाई, आणि आपण कोणतं पान उघडलं ते तिथे कळे.

यापेक्षाही अवघड प्रश्न कॉन्टॅक्ट्सचा, आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही. ‘मित्र शोधा’ म्हणत अ‍ॅप परवानगी मागतं, एक जण होकार देतो आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्या माणसांचे नंबर कंपनीच्या सर्व्हरवर चढतात. त्यांतल्या कुणालाच विचारलेलं नसतं. जून २०१३मध्ये फेसबुकने एक बिघाड जाहीर केला. स्वतःची माहिती डाउनलोड करणाऱ्यांना इतरांचे असे फोन नंबर आणि ईमेल मिळत होते, जे त्या इतरांनी त्यांना कधी दिलेच नव्हते. सुमारे ६० लाख लोकांना त्याची झळ बसली. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरणही मुळात हेच. प्रश्नावलीचं अ‍ॅप घेतलं सुमारे २ लाख ७० हजार जणांनी, पण मित्रांची माहितीही देता येत असल्याने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांचा डेटा गेल्याचं २०१८मध्ये कंपनीने सांगितलं. पुढच्या वर्षी ५ अब्ज डॉलरचा दंड झाला.

हे एकाच कंपनीपुरतं नव्हतं. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून फोन नंबर आणि ईमेल घेतले आणि जाहिराती नेमक्या माणसाला दाखवायलाही वापरले. २०२२मध्ये त्यांना १५ कोटी डॉलर भरावे लागले. मला हा प्रकार सगळ्यांत संतापजनक वाटतो. काळजी घेणाऱ्यांनी नंबर दिला आणि तोच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. आता ओटीपीसाठीसुद्धा नंबर द्यायला कुणी कचरत असेल तर त्याला वेडगळ म्हणता येत नाही.

सरळ विचारलं तर लोक काय म्हणतात, हे एप्रिल २०२१मध्ये दिसलं. अ‍ॅपलने आयफोनवर नियम केला की इतर अ‍ॅप्समध्ये माग काढायचा असेल तर आधी प्रश्न विचारायचा. मोठ्या संख्येने लोकांनी नकार दिला. त्यामुळे २०२२मध्ये आपल्याला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज खुद्द फेसबुकची मालक कंपनी मेटाने वर्तवला.

युरोपात २०१८पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. तिथे मेटाने नोव्हेंबर २०२३मध्ये दोनच पर्याय ठेवले: जाहिरातींसाठी माहिती वापरायला संमती द्या, नाहीतर महिन्याला पैसे भरा. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५मध्ये डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट या दुसऱ्या कायद्याखाली याला खरी निवड मानायला नकार दिला आणि २० कोटी युरोंचा दंड ठोठावला.