मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. गडचिरोलीवरून धानोऱ्याकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर लागतं. मेंढा नावाची गावं विदर्भात आणखीही आहेत, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव मागे लावतात, आणि बाहेरचे लोक मग "मेंढालेखा" असं एकच गाव समजून बसतात. पण लेखा वेगळं, मेंढा वेगळं. लेखा, मेंढा आणि कन्हारटोला या तिघांची मिळून एक ग्रामपंचायत होती एवढाच त्यांचा कागदोपत्री संबंध.

घरं शंभराच्या आसपास, माणसं पाचशेच्या आतबाहेर. घरात गोंडी, बाहेर मराठी, तीही झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या वळणाची. जवळून कठाणी नदी जाते, पुढे ती वैनगंगेला मिळते. पाऊस भरपूर, त्यामुळे मुख्य पीक धान, पण नुसत्या धानावर वर्ष निघत नाही. उन्हाळा लागला की पहाटेच मोहफुलं वेचायला जायचं, त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम, शिवाय हिरडा, आवळा, चारोळी, मध आणि सगळ्यात मोठं म्हणजे बांबू. गावाच्या शिवारात शेती कमी आणि जंगल जास्त, सुमारे १,८०० हेक्टर, म्हणून या गावाचा इतिहास सांगायचा म्हणजे जंगल कोणाचं याचाच इतिहास सांगावा लागतो.

आधी जमीनदारी होती. तेव्हा घर बांधायला लाकूड, जळण, गुरं चारायला कुरण असे निस्तार हक्क लोकांना होते. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात. १९५० च्या कायद्यानं जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं, आणि पिढ्यानपिढ्या ज्या जंगलातून लाकूडफाटा आणला तिथूनच आणला तर गुन्हा, अशी पाळी आली. बांबू तर कागद कारखान्याला लीजवर दिलेला, म्हणजे बांबूच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला टोपली विणायला बांबू महाग.

गाव जागं झालं ते ऐंशीच्या दशकात. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं होणार होती, त्यात भरपूर जंगल आणि आदिवासी गावं बुडाली असती. आदिवासी नेते लालश्याम शाह महाराज, बाबा आमटे यांच्यासोबत "जंगल बचाव, मानव बचाव" आंदोलन उभं राहिलं आणि ती धरणं बाजूला पडली. मेंढ्याचे लोक त्यात होते. गावचे देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची जोडी पुढे जमली ती याच काळातली. त्यानंतर गावानं घोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं. घोटुल म्हणजे तरुण पोरापोरींनी जमायची, गाणी-नाच-रीत शिकायची जागा. लाकूड विनापरवानगी आणलं म्हणून वनखात्यानं ते पाडलं, तर आजूबाजूची गावं एकत्र येऊन परत उभं केलं. मला या गावाच्या गोष्टीत हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण एका लाकडी मांडवासाठी अख्खा परिसर उठला.

"दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावची. ती सगळीकडे छापून येते, पण तिच्यामागचं काम कमी लोकांना माहीत असतं. इथे बहुमतानं काही ठरत नाही. ग्रामसभेत बाया-माणसं सगळी बसतात आणि सर्वसहमती झाली तरच निर्णय, एकाचंही मन नसेल तर विषय थांबवायचा, परत बोलायचं, परत बसायचं. दारूबंदीचा विषय असाच खूप दिवस चालला, कारण मोहाची दारू देवाधर्मात लागते, ती पूर्ण कशी बंद करणार, तर पूजेपुरती ठेवून बाकी बंद असं ठरलं. वेळ लागतो हे खरंच, पण एकदा ठरलं की मोडायला कोणी उठत नाही, कारण मोडणाऱ्यानंच ते ठरवलेलं असतं.

ग्रामसभेच्या सोबत अभ्यासगट असतात. ग्रामसभा निर्णय घेते, अभ्यासगट फक्त समजून घेतो, तिथे काहीच ठरवायचं नसतं, म्हणून भांडण न होता बोलणं होतं. वनकायदा काय म्हणतो, पोळं न नासवता मध कसा काढायचा, असे विषय. बाहेरचा जाणकार आला तर त्यालाही बसवून घेतात. वकील न लावता गाव कायदा शिकलं ते असं.

त्याचा उपयोग झाला २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर. २००९ मध्ये मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी. पण कागद हातात आला तरी बांबू विकता येईना. नवा कायदा बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातलं बाकीचं उत्पन्न म्हणतो, वनखातं १९२७ च्या जुन्या कायद्यावर बोट ठेवून म्हणायचं की बांबू हे झाड आहे, त्याचा वाहतूक परवाना देता येणार नाही. आता बांबू हे गवत आहे हे गडचिरोलीत शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. गावानं मुद्दाम थोडा बांबू जाहीरपणे विकून हा प्रश्न देशासमोर आणला. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढच्याच हंगामात बांबूची विक्री एक कोटीच्या वर गेली. लोकांना रोजी मिळाली, ग्रामसभेच्या खात्यात पैसा आला. जिल्ह्यातल्या इतर ग्रामसभांनीही हे पाहून तेंदू आणि बांबू स्वतः विकायला सुरुवात केली, आणि माझ्या मते गावाचं सगळ्यात मोठं काम हेच.

२०१३ मध्ये गावानं ग्रामदान करायचं ठरवलं, म्हणजे विनोबांच्या चळवळीतून आलेल्या महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ खाली खाजगी शेतजमिनीची मालकीसुद्धा गावाच्या नावावर. जमीन कसणारा तोच कसत राहतो, मुलांना वारसानं देतो, पण बाहेरच्याला विकू शकत नाही. ज्या काळात रस्त्यालगतचा गुंठा गुंठा विकला जातोय त्या काळात हे ठरलं, तेही सर्वसहमतीनं, आणि त्यात एकर-दोन एकरवाला आणि जास्तवाला दोघंही होते.