अनामिक अवशेष आणि ‘एनहान्स्ड’ एक्स-रे: पार्श्वभूमी

कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांचा आकार माणसागणिक वेगळा असतो. एक्स-रेत दिसणाऱ्या या आकारावरून मृताची ओळख पटवण्याची कल्पना १९२०च्या दशकात मांडली गेली आणि त्याच दशकात ती वापरलीही गेली. १९४९ साली टोरांटोच्या बंदरात प्रवासी जहाज जळालं, तेव्हा अनेक मृतांसाठी जुने एक्स-रे कामी आले.

पण जुना एक्स-रे नव्याशी ताडण्याच्या या पद्धतीचा खरा कस लागला तो कोरियन युद्धातल्या अनामिक अमेरिकन सैनिकांपाशी. होनोलुलूत दफन होण्याआधी जपानमध्ये त्यांच्या अस्थींवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया झाली होती. त्यामुळे पुढे डीएनए हाती लागणं अवघड झालं. उरल्या त्या क्षयरोगाच्या तपासणीसाठी काढलेल्या छातीच्या फिल्म्स. त्यांवर गळ्याखालची कॉलर बोनही उमटलेली असे. उकरून काढलेलं हाड त्याच कोनात धरून नवा एक्स-रे काढायचा आणि दोन्हींच्या कडा ताडून पाहायच्या. भरतीच्या वयात या हाडाचं छातीकडचं टोक वाढतच असतं, त्यामुळे तिथला फरक वयाचा की माणसाचा, हे तज्ज्ञालाच ठरवावं लागतं.

फिल्म फिकट असेल तर स्कॅन करून तिला उठाव देतात आणि इथेच ‘एनहान्स्ड’ (उठाव दिलेला) हा शब्द घोटाळा करतो. काळं-पांढरं ताणून कॉन्ट्रास्ट वाढवणं वेगळं. त्याने फिल्मवर आहे तेच दिसू लागतं. कडा धारदार करणं ही जरा पुढची पायरी. त्यासाठीचं ‘अनशार्प मास्किंग’ हे मुळात फोटोच्या डार्करूममधलं तंत्र. अति झालं की कडेला खोटी रेघ उमटते. हाडात बसवलेल्या धातूभोवती अशी काळी किनार आली, तर इम्प्लांट सैल झाल्याचा भास होतो. एआयने बारकावे भरणं तर तिसरीच गोष्ट. तिथे हाडाची जाळी त्या माणसाची राहत नाही. इतर असंख्य चित्रांवरून बेतलेली असते. या तिन्हींना एकच शब्द वापरणं मला धोक्याचं वाटतं, कारण चूक झाली तर एका घरी परक्याच्या अस्थी जातात आणि दुसरं घर वाट पाहतच राहतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या एका निकालानंतर ‘तज्ज्ञ म्हणतो म्हणून’ एवढं पुरेनासं झालं; पद्धत तपासता येते का, ती किती वेळा चुकते, हे विचारलं जाऊ लागलं. उठाव दिलेल्या प्रतिमेशेजारी मूळ स्कॅन ठेवणं आणि केलेला प्रत्येक बदल क्रमाने नोंदवणं म्हणूनच आवश्यक आहे.