पोर्ट्समथ
पोर्ट्समथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर, आणि त्याच्यावरूनच अमेरिकेतल्या दोन बंदरांनाही तेच नाव दिलं गेलं, एक व्हर्जिनियात नि एक न्यू हॅम्पशायरमध्ये. तिन्हीकडे नौदलाची मोठी गोदी, त्यामुळे युद्धाच्या इतिहासात हे नाव आलं की आधी कुठलं ते बघून घ्यावं. त्यात अमेरिकन नौदलाची ‘पोर्ट्समथ’ गोदी खरं तर नदीपलीकडे मेन राज्यातल्या किटरीत आहे, आणि व्हर्जिनियाच्या पोर्ट्समथमधल्या गोदीला शेजारच्या शहरावरून नॉरफोक म्हणतात!

१८०५ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ट्रफाल्गारच्या लढाईला निघाला तो इंग्लंडच्या पोर्ट्समथहून, त्याचं ‘व्हिक्टरी’ जहाज आजही तिथे बघायला मिळतं. जानेवारी १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात इथला गिल्डहॉल आतून पार जळाला. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर उतरायचा शेवटचा निर्णय मित्रराष्ट्रांचे सेनापती आयझेनहॉवरनी जवळच्याच साउथविक हाउसमध्ये घेतला. आणि मुंबईकरांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं, वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ नाव बदलून कित्येक वर्षं याच बंदरात ट्रेनिंगचं जहाज म्हणून उभं होतं.

व्हर्जिनियात अमेरिकन यादवी युद्धाच्या सुरुवातीला, एप्रिल १८६१ मध्ये, माघार घेताना उत्तरेच्या सैन्याने गोदी पेटवून दिली, पण अर्धवट जळून बुडालेलं ‘मेरिमॅक’ जहाज दक्षिणेने वर काढलं, त्यावर लोखंडी पत्रे चढवले नि मार्च १८६२ मध्ये त्याची उत्तरेच्या ‘मॉनिटर’शी गाठ पडली, चिलखती जहाजांची ही पहिलीच झुंज.

न्यू हॅम्पशायरचं पोर्ट्समथ मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे युद्धं संपली. ५ सप्टेंबर १९०५ ला रशिया-जपान तह गोदीत झाला आणि मध्यस्थीबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना पुढच्या वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. मे १९४५ मध्ये शरण आलेल्या काही जर्मन पाणबुड्या इथेच आणल्या, त्यातली यू-२३४ जपानकडे निघाली होती, पोटात सुटं केलेलं जेट विमान आणि ५६० किलो युरेनियम ऑक्साइड. तिच्यावर दोन जपानी नौदल अधिकारीही होते, पण पाणबुडी शरण जाणार हे कळल्यावर दोघांनी आत्महत्या केली आणि त्यांना समुद्रातच दफन करण्यात आलं.